भावाचा ग्रंथ, बहिणीची राख

घराण्याचा शोध घेण्याची ओढ आपल्या समाजाला नवी नाही. रेवदंडा, चौल, कोर्लई ह्या पट्ट्यातली किंवा उत्तरेकडच्या वसईची कुटुंबे बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या पाहावयास येतात तेव्हा त्यांना बहुधा दोन गोष्टी हव्या असतात. आपले आडनाव किती जुने आहे हे कळावे, आणि त्याचे मूळ कोणा मानाच्या माणसापाशी जाऊन पोहोचावे. वहीत जन्म, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदी असतात. त्या करणारा धर्मगुरू बहुतेक वेळा त्या घरी जेवलेला, तिथल्या शवपेटीमागून चाललेला असतो. परंतु काही घराणी अशी आहेत की त्यांची वंशावळ अशा वहीत सापडत नाही. ती सापडते आरोपांत, जबाबांत आणि शिक्षेच्या यादीत. ज्यांनी त्या घरातल्या स्त्रीला मृत्यूच्या स्वाधीन केले, त्यांनीच तिच्या आईबापांची, भावंडांची नावे काळजीपूर्वक लिहून ठेवली. असे कागद कसे वाचावेत, आणि त्यांच्या शेजारी त्या घरात लिहिला गेलेला एक थोर ग्रंथ कसा वाचावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ती स्त्री म्हणजे कातारिना द ऑर्ता. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात इन्क्विझिशनच्या न्यायपीठाने दोषी ठरवून तिला जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केले. बाप्तिस्मा झालेला असूनही ती गुप्तपणे मोशेचे नियमशास्त्र पाळते, हा तिच्यावरचा आरोप. तिचा भाऊ गार्सिया द ऑर्ता हा वैद्य, वनस्पतींचा जाणकार, मुंबई बेटाचा एके काळचा खंडकरी आणि हिंदुस्थानातील औषधींवरच्या ‘कोलोकियुश’ ह्या ग्रंथाचा कर्ता. भावाचे नाव पणजीच्या बागेला आहे. १९७१ साली ते पोर्तुगालच्या वीस एस्कुदोंच्या नोटेवरही छापले गेले. त्या बागेत बाकावर विसावणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची बहीण ठाऊक असेल?

प्रथम घराण्याचा वृत्तांत थोडक्यात पाहू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यू लोकांना देशाबाहेर काढले. सीमेलगतच्या गावांतून जी कुटुंबे पोर्तुगालमध्ये शिरली त्यांत ऑर्तांचे पूर्वज होते. पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजानेही त्यांच्यापुढे पर्याय ठेवला नाही. सक्तीने बाप्तिस्मा झाला आणि ही माणसे ‘नवख्रिस्ती’ ठरली. कास्तेलो द व्हिदे ह्या सीमेवरच्या गावी फेर्नांव द ऑर्ता आणि लिओनोर गोमिश ह्या दांपत्याच्या पोटी गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमारास झाला. सालामांका आणि आल्काला येथे शिक्षण, लिस्बनला अध्यापन, आणि १५३४ मध्ये मार्तिम आफोंसो द सौझा ह्या सरदाराबरोबर गोव्याकडे प्रयाण, असा त्याचा प्रवास आहे. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन १५३६ साली स्थापन झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी तो निघाला, ह्यातले मर्म वाचकांच्या ध्यानी येईल. मागे राहिलेली आई आणि बहिणी पुढे लिस्बनला पकडल्या गेल्या, सुटल्या, आणि १५४९ मध्ये आई व दोघी बहिणी गोव्यास त्याच्याकडे येऊन पोहोचल्या. अकरा वर्षांनी, १५६० मध्ये, ज्या न्यायपीठापासून त्या पळाल्या तेच समुद्र ओलांडून गोव्यात आले.

गार्सिया जिवंत होता तोवर घर सुरक्षित राहिले. व्हाइसरॉय आणि बिशप ह्यांच्या नाडीवर ज्याचा हात, त्याच्या घरावर हात टाकणे सोपे नव्हते. १५६८ मध्ये तो निवर्तला. त्याच वर्षी कातारिनाला अटक झाली. वर्षभरात तिची राख झाली. पुढे तिच्या भावालाही मरणोत्तर दोषी ठरवण्यात आले आणि ४ डिसेंबर १५८० रोजी त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

आता ग्रंथाकडे वळू. ‘कोलोकियुश’ गोव्यात छापून झाला तो १० एप्रिल १५६३ ह्या दिवशी, जुआंव द एंदेम ह्याच्या छापखान्यात. आशियात छापल्या गेलेल्या आरंभीच्या युरोपीय पुस्तकांत त्याची गणना होते. मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्रच कित्येक पाने लांबते. तरीही पुस्तक वाचनीय आहे, आणि त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. ऑर्ताने प्रबंध लिहिला नाही, संवाद लिहिला. सालामांकाच्या दिवसांतला ओळखीचा, रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान गोव्यास येतो, ऑर्ताच्या घरी उतरतो आणि एकेका द्रव्याविषयी विचारू लागतो. रुआनो ग्रंथांचा आधार देतो. ऑर्ता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मधूनच अंतोनिया नावाची दासी हाक मारताच हजर होते आणि फळ, मूळ, पान समोर आणून ठेवते. कोणी रोग्यासाठी बोलावणे घेऊन येतो. मुंबईहून सिमांव तोस्कानू हा खंडकरी आंब्यांची भेट पाठवतो आणि वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या मुंबईच्या आंब्याचे कौतुक ऑर्ता रंगून सांगतो. आपल्याकडची ‘सुपारी’ त्यात आहे. पटकीचे जे वर्णन युरोपीय वैद्यकात पहिले मानले जाते तेही त्यात आहे, आणि तिथे रोगाचे नाव ‘मोर्शी’ असे येते. ही आपल्या आज्यांची ‘मोडशी’च होय. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाविषयी, ज्याच्या दरबारात ऑर्ता उपचारांसाठी जात असे, तो मित्राविषयी बोलावे तसे बोलतो. त्याच निजामशहाच्या घराण्याने चौलला पोर्तुगीजांना ठाणे करू दिले होते आणि रेवदंड्याचा कोट उभा राहिला होता. ज्या वाटांनी आपण आज अलिबाग–रेवदंडा जातो, त्या मुलखाच्या बंदरातला माल, मसाले आणि रेशीम ह्या ग्रंथाच्या पानापानांतून वाहते.

समीक्षक म्हणून ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. रचना विस्कळीत आहे. वर्णानुक्रमाने मांडण्याचा बेत आहे, पण लेखक मध्येच राजवंशांच्या हकीकती सांगू लागतो, मध्येच स्वतःच्या फजितीवर हसतो. पुढे १५६७ मध्ये क्लूसियस ह्या पंडिताने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला तेव्हा त्याने संवाद काढून टाकले आणि माहिती ठेवली. युरोपने ऑर्ता ओळखला तो ह्या संक्षेपातून. शास्त्राच्या दृष्टीने हे सोयीचे झाले असेल. साहित्याच्या दृष्टीने मात्र घर काढून घेऊन भिंतीचे दगड तेवढे वाटून टाकण्यासारखे झाले. अंतोनिया गेली, आंबे गेले, रुआनोची शंका गेली. माणूस गेला.

परंतु मूळ ग्रंथातही एक माणूस नाहीच. घरात वावरणारी दासी आहे, आलागेला आहे, हिंदू वैद्य आहे, मुसलमान सुलतान आहे. १५४९ पासून त्याच गावात असलेली बहीण मात्र नाही. बहीण का नाही, हा प्रश्न शास्त्रग्रंथाला विचारणे अन्यायाचे वाटेल. औषधांच्या पुस्तकात बहिणीचे काय काम? पण ज्या पुस्तकात आंबे पाठवणाऱ्याचे नाव येते, त्या पुस्तकात घरच्या माणसांविषयीचे मौन डोळ्यांत भरते. ग्रंथाचे शीर्षकपान उघडले की त्या मौनाचे कारण समजू लागते. हा ग्रंथ ह्या प्रदेशातील इन्क्विझिटर आलेशू दियश फाल्कांव ह्यांनी तपासला आहे, असे तिथे छापले आहे. १५६० मध्ये गोव्याच्या न्यायपीठावर आलेल्या पहिल्या दोघांपैकी हा एक. भावाच्या ग्रंथावर संमतीची मोहोर आहे ती त्याच न्यायपीठाच्या अधिकाऱ्याची, ज्या न्यायपीठाने सहा वर्षांनी बहिणीला दोषी ठरवले. शीर्षकपान म्हणजे पुस्तकाचा दरवाजा असे मानले, तर ह्या दरवाजावर पहारेकरी उभा आहे आणि आतले सारे संभाषण त्याच्या कानांवर पडेल अशा बेताने चालले आहे.

ह्याच ग्रंथात ऑर्ता एके ठिकाणी अशा आशयाचे बोलून जातो की, आपण स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीक आचार्यांच्या विरुद्ध तोंड उघडण्याचे धाडस झाले नसते. गोव्यात ते धाडस त्याने केले. जुन्या पंडितांनी पाहिले नाही, मी पाहिले आहे, हा त्याच्या प्रत्येक संवादाचा सूर आहे. दालचिनी, हिंग, भांग ह्यांविषयी तो कोणाला भीत नाही. ज्या विषयात भीती बाळगणे भाग होते त्या विषयात तो एक अक्षर लिहीत नाही. माझ्या मते ह्या ग्रंथाचे खरे साहित्यिक मोल इथे आहे. मोकळेपणाची एवढी मोठी भूक असलेला मनुष्य, मोकळे बोलण्यास मिळालेली एकच खोली उजळून बसतो, आणि घराच्या बाकीच्या खोल्यांची दारे लावून घेतो.

मात्र इथेच वाचकाने सावध राहिले पाहिजे. गुपित कळल्यावर प्रत्येक ओळीत गुपित दिसू लागते. ऑर्ताने एखाद्या ज्यू व्यापाऱ्याचा उल्लेख केला की तो संकेत, एखाद्या संताचे नाव घेतले की तो मुखवटा, असे वाचणे म्हणजे मेलेल्या माणसावर पुन्हा खटला भरणे. इन्क्विझिटरही असेच वाचत. त्यांना स्वच्छ चादरीत पाखंड दिसे. समीक्षकाने तीच दृष्टी, हेतू चांगला म्हणून, उचलू नये. मौन हे मौन म्हणून नोंदवावे. त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.

ह्या घराण्याचा शोध कसा लागला हीही एक शिकण्यासारखी कथा आहे. १८८६ मध्ये काउंट द फिकाल्यू ह्यांनी ऑर्ता आणि त्याच्या काळावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ‘कोलोकियुश’ची सटीप आवृत्ती काढली. १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम ह्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर त्याच आवृत्तीवर उभे आहे. फिकाल्यू ह्यांची टीपा लिहिण्याची हातोटी अजोड; वनस्पती, नाणी, वजने, राजे, सर्वांचा त्यांनी छडा लावला. परंतु त्यांच्या ऑर्ताच्या घराण्यात चिता नाही. ते कागद तेव्हा उजेडातच आले नव्हते. १९३४ मध्ये आउगुश्तु द सिल्वा कार्व्हाल्यू ह्यांनी लिस्बनच्या दप्तरातील इन्क्विझिशनचे कागद पाहून कातारिनाचा अंत आणि भावाच्या अस्थींची कथा जगासमोर मांडली. १९६० मध्ये फ्रेंच अभ्यासक रेव्हा ह्यांनी ऑर्ता कुटुंबावरच स्वतंत्र निबंध लिहून आईबाप, भावंडे, सोयरे ह्यांचे जाळे विणून दाखवले. एका सज्जन वैद्याचे चरित्र अवघ्या पन्नास वर्षांत एका छळलेल्या घराण्याचा इतिहास बनले.

ह्या दोघा शोधकांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या साधनांचा स्वभावही ओळखला पाहिजे. गोव्याच्या न्यायपीठाची दप्तरे ते १८१२ मध्ये बंद झाल्यानंतर बहुतांशी नष्ट झाली. उरले ते लिस्बनला गेलेले. त्यांत ऑर्ता घराण्यातील माणसांचे जबाब आहेत. मोशेचे नियमशास्त्रच खरे असे गार्सिया खाजगीत म्हणत असे, हे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मेहुण्याने सांगितल्याची नोंद आहे. कोठडीत बसलेला माणूस, मेलेल्या माणसाविषयी, जिवंत उरलेल्यांना वाचवण्यासाठी किंवा स्वतः वाचण्यासाठी जे बोलतो, ते संपूर्ण खोटे असेलच असे नाही; परंतु ते मोकळेपणी दिलेली साक्षही नव्हे. मेलेल्यावर दोष ढकलणे हा अशा वेळी जिवंतांना उरलेला शेवटचा आडोसा असतो. कारकून तो आडोसा टिपून ठेवतो आणि तीनशे वर्षांनी आपण त्याला चरित्र म्हणतो. कातारिनाचा स्वतःचा आवाज ह्या कागदांत कुठे असलाच तर प्रश्नकर्त्याच्या प्रश्नाच्या साच्यात ओतलेला आहे.

नवख्रिस्ती स्त्रियांवरचे आरोप कशाचे असत हे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक बोचते. शुक्रवारी सायंकाळी दिवा, शनिवारी धुतलेले वस्त्र, डुकराचे मांस वर्ज्य, विशिष्ट दिवशी उपवास, प्रेताला घातलेले स्नान, अशा खुणा इन्क्विझिशन लोकांना वाचून दाखवी आणि शेजाऱ्यांनी त्या कळवाव्यात असे बजावी. धर्मपंडितांचे वाद पुरुषांचे असतील. गुन्ह्याची जागा मात्र स्वयंपाकघर होती. पुढे १७३६ साली गोव्यात निघालेल्या फर्मानात हिंदूंतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना अंगणातली तुळस, लग्नातल्या ओव्या आणि बिनमिठाचा भातसुद्धा वर्ज्य करण्यात आला. हे फर्मान प्रा. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथातून अनेकांना परिचित झाले. भातात मीठ आहे की नाही ह्यावरून श्रद्धा मोजली गेली, म्हणजे ती मोजणाराची नजर कोणावर खिळली असेल ते सांगावयास नको.

कातारिनावर चेटकाचा आरोप नव्हता. पण घरगुती वागणुकीवरून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीवरून स्त्रीला अग्नी किंवा फास देण्याची रीत त्या काळी साऱ्या युरोपीय जगात होती. स्पेन आणि पोर्तुगालची न्यायपीठे चेटकाच्या बाबतीत तुलनेने संशयी होती. १६१० मध्ये लोग्रोन्यो येथे माणसे जाळली गेल्यानंतर सालाझार फ्रीआस ह्या इन्क्विझिटरने गावोगाव फिरून चौकशी केली. लोक चेटकिणींविषयी बोलू लागेपर्यंत तिथे चेटकिणी नव्हत्या, असा त्याच्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्या विवेकाचा लाभ ज्यू वंशाच्या स्त्रियांना मिळाला नाही. उलट इंग्रज प्रॉटेस्टंट वसाहतींत चेटकाचाच फास होता. अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये २६ मे १६४७ रोजी ॲलिस यंग हिला फाशी झाली. तिच्या नावाची ओळ एका गावकऱ्याच्या रोजनिशीत उरली. तीस वर्षांनंतर तिच्या मुलीकडेही लोकांनी त्याच संशयाने बोट दाखवले. आईचा आळ मुलीच्या दारात वारसा म्हणून येऊन उभा राहिला. तिथल्या वंशजांनी आणि अभ्यासकांनी चिकाटी धरली तेव्हा २०२३ साली कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ह्या स्त्रीपुरुषांना निर्दोष मानणारा ठराव संमत केला.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण बोस्टनचे आहे. १६ नोव्हेंबर १६८८ रोजी तिथे ॲन ग्लोव्हर नावाच्या आयरिश कॅथलिक मोलकरणीला चेटकीण म्हणून फाशी दिली. ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना तिला इंग्रजीत म्हणता येईना. ती ती आपल्या आयरिश बोलीत आणि मोडक्या लॅटिनमध्ये म्हणे. हे सैतानाचे लक्षण मानले गेले. १९८८ मध्ये बोस्टनच्या नगरपरिषदेने तिच्या स्मृतीचा दिवस पाळला आणि एका कॅथलिक चर्चवर तिच्या नावाचा फलक लागला. ॲन ग्लोव्हर आपली आहे असे म्हणताना आपला ऊर भरून येतो, आणि ते योग्यच आहे. तर मग कातारिना कोणाची?

हा प्रश्न टाळण्याच्या आपल्याकडे दोन वाटा आहेत, आणि दोन्ही मला धर्मगुरू म्हणून परिचित आहेत. पहिली अशी की, जाळले ते राजाच्या अधिकाऱ्यांनी; ख्रिस्तसभेने केवळ दोष ठरवला. ज्याला निकालाचा परिणाम ठाऊक आहे त्याला हे म्हणता येत नाही. पिलाताने पाणी मागवले तेव्हा त्याचे हात स्वच्छ झाले नाहीत, हे आपण दुःखसहनाच्या वृत्तांतात वाचतो. दुसरी वाट आकड्यांची. एका प्रसिद्ध गणनेनुसार गोव्यात ५७ माणसे प्रत्यक्ष जाळली गेली आणि ६४ जणांच्या प्रतिमा. एवढ्या मोठ्या काळात हा आकडा लहान आहे, असे कोणी म्हणतो. आकडा ज्याच्या घरचा नसतो त्याला तो लहान वाटतो. वंशावळीचा गुण हा की ती आकड्याला आई देते, भाऊ देते, माहेर देते. लिओनोर गोमिशची मुलगी, गार्सियाची बहीण, एवढे म्हटले की सत्तावन्न हा शब्द पहिल्यासारखा उच्चारता येत नाही.

आपल्या संतांनाही इथून वगळता येणार नाही. गोव्यास इन्क्विझिशन पाठवावे अशी मागणी १६ मे १५४६ च्या पत्रात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी केली होती. त्यांची सेवावृत्ती आणि हे पत्र, दोन्ही एकाच हातची आहेत. संतत्व म्हणजे आपल्या काळाच्या प्रत्येक अंधत्वातून सुटका नव्हे, हे मान्य केल्याने त्यांच्यावरची भक्ती कमी होत नाही. ती प्रौढ होते. मराठी साहित्याला ‘ख्रिस्तपुराण’ देणारे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले ते ऑक्टोबर १५७९ मध्ये. इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धेसाठी त्यांचा मित्र तुरुंगात खितपत होता आणि त्या देशात लवकरच एडमंड कँपियन ह्यांना फासावर चढवले जाणार होते. अशा देशातून आलेल्या धर्मबंधूला पुढच्या वर्षी गोव्यातल्या श्रद्धेच्या जाहीर सोहळ्यात एका वैद्याच्या अस्थी जळाल्याची वार्ता ऐकू आली असेल. आपल्या भाषेच्या पहिल्या ख्रिस्ती महाकाव्याच्या भोवतालची हवा अशी होती. ओवीची गोडी वाखाणताना ह्या धुराचाही वास ध्यानी ठेवावा.

रायगडच्या किनाऱ्यावर ह्या कथेला आणखी एक विलक्षण छेद मिळतो. १७४० पर्यंत चौल–रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांकडे होते. गोव्याच्या न्यायपीठाचा अधिकार इथवर पोहोचत असे. कोर्लईकरांच्या ओठांवरची पोर्तुगीज मिश्रित बोली त्या काळाची जिवंत खूण आहे. पण ह्याच किनाऱ्यावर, नवगाव–अलिबागच्या बाजूला, आपले बेने इस्राएल शेजारी आहेत. जहाज फुटून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गोव्यात शनिवार पाळण्याचा संशय जिवावर बेतत होता. कोकणच्या खेड्यांनी त्याच शनिवारावरून एका समाजाला साधे, कामकाजी नाव दिले आणि तेल रविवारी घेतले. ह्या खेड्यांना कोणी सहिष्णुतेचे व्याख्यान दिले नव्हते. अलिबागची इस्राएल आळी आणि तिथले सिनेगॉग पाहताना आपल्या मुलांना हे सांगण्याजोगे आहे.

खेड्यांचे गुणगान करतानाही तोल सांभाळावा लागतो. ज्या कोकणाने शनिवार तेल्यांना सामावले त्याच कोकणाने, आणि साऱ्या महाराष्ट्राने, विधवेला, एकटीला, हाताला गुण असलेल्या सुईणीला ‘भुताळी’, ‘चेटकीण’ म्हणून बोट दाखवले आहे. २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे हा त्यात गुन्हा ठरला. आळ घेण्याची पद्धत पाहिली तर ती सोळाव्या शतकाहून फारशी वेगळी नाही. घरातले वागणे, शेजाऱ्याची साक्ष, आणि ठरलेले उत्तर मिळेपर्यंत विचारलेला प्रश्न.

२०१५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल ह्या दोन्ही देशांत, हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारे कायदे अमलात आले. मग जगभर वंशावळींचा शोध सुरू झाला, आणि पूर्वज ज्यू होते ह्याचा पुरावा अनेकांना सापडला तो इन्क्विझिशनच्या खटल्यांत. छळाचे दप्तर हा ओळखीचा दाखला झाला. ऑर्ता घराण्याला मात्र असे वंशज पुढे आलेले दिसत नाहीत. गार्सियाच्या दोन मुलींपाशी येऊन कागद थांबतात. ज्या घराण्याला वारस नाहीत त्याची आठवण कोणी ठेवावी? मला वाटते, ज्यांच्या पूर्वजांच्या नावाने ते घर मोडले गेले त्यांनी.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी संत पीटरच्या महामंदिरात, सत्याच्या सेवेसाठी म्हणून केलेल्या हिंसेबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. ज्यू लोकांविरुद्धच्या पापांचा त्यांनी वेगळा उच्चार केला. त्यापूर्वी १९९८ मध्ये रोममधील दप्तरखाना अभ्यासकांना खुला झाला होता. क्षमायाचना रोममध्ये झाली. तिचा अर्थ गावोगावी वाचला गेला पाहिजे. तो वाचण्याचे एक साधन साहित्य आहे. ‘कोलोकियुश’ वाचावा तो आंब्यासाठी, मोडशीसाठी, निजामशहासाठी, आणि त्यात नसलेल्या बहिणीसाठीही. कार्व्हाल्यू आणि रेव्हा ह्यांचे शोध वाचावेत ते कृतज्ञतेने, पण जबाबाला चरित्र न समजता.

एक शेवटची सावधगिरी. नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणदिनी आपण आपल्या घराण्याच्या नावांची यादी वेदीपाशी ठेवतो. कातारिनाचे नाव त्या यादीत घालून तिला आपल्यातली करून टाकण्याचा मोह होईल. तिच्या आजीआजोबांच्या पिढीला आपण एकदा त्यांच्या इच्छेविरुद्ध आपले केले होते, आणि तिथूनच सारी दुःखे सुरू झाली. तिला तिच्या पूर्वजांच्या देवापाशी, म्हणजे आपल्याही प्रभू येशूच्या आईने ज्याची स्तोत्रे गायिली त्या देवापाशी, तिच्याच नावाने राहू द्यावे. यादीत नाव घालावयाचेच असेल तर आपले घालावे, क्षमा मागणाऱ्यांच्या रकान्यात.